आउटला एक हात पुरतो

"हॅलो?… हॅलो?"

फोनमध्ये आधी नुसती खरखर. उसाच्या वाळक्या पाचटात वारा शिरावा तशी. त्या खरखरीतून सिल्वेरियोला आधी तोच आवाज ऐकू आला, जो दर खेपेला खऱ्या आवाजाच्या आधी यायचा. एकोणीस वर्षांपूर्वीचा. नुकता फुटू लागलेला, अर्धा पोराचा, अर्धा बाप्याचा, तोंडात लाल धूळ गेलेला. 'पप्पा, मी घरी पोचलो होतो.' एवढंच. मग तो विरला, आणि चौतीस वर्षांच्या माणसाचा श्वास ऐकू आला.

"ओदालिस? तूच ना?… अरे बोल की. मोठ्यानं बोल… हां, आता येतंय. नाही नाही, घरात नाही, परसात आलोय, चिंचेखाली. इथंच काय तो आवाज लागतो… बरा आहे मी. गुडघा आपला आहे तसाच… आई? ती तिकडं ओट्यावर वाटाणे सोलतेय. देऊ का तिला?… बरं. नको तर नको."

त्यानं चिंचेच्या खोडाला पाठ टेकली.

"आज आशीर्वाद नाही मागितलास?"

बेटावरच्या सान पेद्रोत, साखर कारखान्याच्या त्या वस्तीत पोर कितीही मोठं झालं, केस पिकले, तरी आईबापाशी बोलताना आधी आशीर्वाद मागतं, मग हवापाणी. ओदालिसनं तो फक्त एकदाच चुकवला होता, पंधराव्या वर्षी. तेव्हा तीन आठवडे चुकवला. एकाच ताटातल्या यानिकेके, तळलेल्या जाड पुऱ्या, दोघं खायचे आणि बोलायचे मात्र कोंबड्यांशी.

"राहू दे. न मागताच देतो. देव तुझं भलं करो… हो… हो, ऐकतोय ना… कोण म्हणालं तुला?… फेयो! मला वाटलंच. तुझ्या त्या चुलतभावाच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. काय लिहिलं त्यानं?… अरे, त्या पोराला मीठमसाला लावल्याशिवाय… बरं, वाच. वाच तू… 'चागोच्या दुकानात सगळे…' हो… 'आणि काका एकटा…' हो."

ओट्यावर वाटाण्याच्या शेंगा फुटायचा आवाज थांबला. नेरेइदानं मान वर केली होती. सिल्वेरियोनं तिच्याकडं पाठ केली.

"अरे, दुकान म्हणजे तुला ठाऊकच आहे. चाळीस माणसं, एक टीव्ही, आणि चागोनं आवाज इतका चढवलेला की बाटल्या नाचत होत्या. काल तू दुसऱ्या बेसवरून घराकडं, होम प्लेटकडं सुटलास तेव्हाच निम्मे उठून उभे. ती जाडी कास्तुला, अरे जिला उठायला दोन माणसं लागतात, ती बाकावर चढली होती, बाकावर!… हसलास? हसलास तू. मी ऐकलं… बरं, नाही हसलास."

"…"

"हो. सगळे म्हणाले सेफ, घरी सुखरूप. 'किएतो, किएतो' करून पत्रे हलवले. चागो तर टीव्हीपुढं आडवा आला, सेफच्या खुणेसारखे दोन्ही हात पसरून. कुणाला काही दिसेना."

"…"

"हो, ओदालिस. मी आउटचा अंगठा वर केला."

तारेवर एक कावळा येऊन बसला.

"ऐक ना… अरे ऐक तरी. चागोनं मला हाकलून दिलं, हे लिहिलं का फेयोनं? म्हणाला, 'सिल्वेरियो, तुला आता पाणीसुद्धा मिळायचं नाही इथं, नळावर जा.' बेचाळीस वर्षांचा दोस्त माझा… अरे, मी टाळत नाहीये. मी काय टाळतोय? तू विचार. विचार, मी सांगतो… थांब, ही कोंबडी पायात येतेय. हुश! …तर मी काय म्हणत होतो, हे वर्ष साधं नव्हतं रे. एप्रिल आठव तू. त्या खालच्या लीगमध्ये तुम्ही नऊ नऊ तास बसमध्ये, आणि मैदानावर बर्फ. बर्फावर बेसबॉल! तू मला फोटो पाठवलास, नाकाला शेंबूड आणि हातात गार पाव. तुझ्या आईनं त्या दिवशी उपवासाच्या गोड घेवड्याची खीर केली होती, ती तिला जाईना. वाटी घेऊन फोटोसमोर बसली… हो, रडली. तिला सांगू नको मी सांगितलं म्हणून."

"…"

"मग मे महिना. वरच्या मोठ्या लीगमध्ये बोलावलं तुला. चौतिसाव्या वर्षी कोण बोलावतं रे? आणि जूनमधला तो होमरन! नेरेइदानं परातीवर पळी अशी बडवली की कोंबड्यांनी तीन दिवस अंडी घातली नाहीत. जुलैत मनगटावर चेंडू बसला तुझ्या, तेव्हा इकडं माझं मनगट दुखायचं, खोटं सांगत नाही. ऑगस्टात वादळ, वीज नाही, तर फेयोच्या गाडीत आम्ही सात जण, काचा वर, आणि रेडिओवर तू. बाहेर माडाची झापं उडतायत, आत एकानं श्वास सोडला तर दुसऱ्यानं घ्यायचा. सप्टेंबरात तुम्ही जिंकलात, तुझ्या डोळ्यात ती दारू गेली… शांपेन, तेच ते… तेव्हा कुठं मला वाटलं, आता पोराचं…"

बोलता बोलता चिंचेची वाळकी शेंग त्याच्या हातात आली होती आणि त्यानं ती चुरून पीठ केली होती.

"काय?… मोठ्यानं बोल… हो. बरोबर. एवढं सगळं झालं आणि कालचा तो एक चेंडू. ते मी कुठं विसरतोय?… तू विचारतोयस ना, सरळ विचारतोयस? मग सरळ ऐक."

नेरेइदा ओट्यावरून उठली होती. मांडीवरचे वाटाणे मातीत सांडले तरी तिनं पाहिलं नाही.

"आउट होतास. कॅचरचा ग्लोव्ह तुझ्या दंडाला लागला तेव्हा तुझा हात घरापासून चार बोटं लांब होता. मशिनीतून त्यांनी सहा वेळा पाहिलं, मी एकदाच पाहिलं. चार बोटं… हो. सगळ्या वस्तीला वाईट वाटलं, म्हणून चार बोटं मिटत नाहीत."

"…"

"अरे, ओरड. ओरड माझ्यावर, मी धरून ठेवतो फोन."

त्यानं खरंच फोन कानापासून जरासा दूर धरला आणि डोळे मिटून उभा राहिला. पाऊस अंगावर घ्यावा तसा. शब्द आले, फुटके फुटके, काही इकडचे, काही तिकडच्या देशाचे. मग ओसरले.

"…झालं?… 'पुन्हा' म्हणालास. मी ऐकलं. 'पप्पा, तुम्ही पुन्हा.'… हो. समजलं मला कुठलं पुन्हा… डिसेंबरात येणार नाहीस? अरे, पण नाताळच्या दारूसाठी ग्वावाबेरीची फळं भिजत घातलीयत आईनं, बरणीला वर्ष होत आलं… तिकडंच राहणार? नाताळात? त्या बर्फात?… खेळ सोडतोयस ते सोड रे, चौतीस म्हणजे काही थोडी झाली नाहीत. गुडघ्यांचा भुगा झालाय तुझ्या, तू ठरव. पण घरी…"

त्यानं हातातलं चिंचेचं पीठ झटकलं.

"घरी ये म्हणत नाही मी. मला कुठल्या तोंडानं म्हणता येणार? ठेवू नको. ओदालिस, फोन ठेवू नको. कालचं झालं. आता मी त्या दिवसाचं बोलतो… कुठल्या म्हणजे? आपण दोघं एकोणीस वर्षं ज्याच्याभोवतीनं चालतोय त्या. जत्रेतला सामना."

नेरेइदा चार पावलांवर येऊन थांबली. घरात त्या सामन्याचं नाव कुणी काढत नसे. भिंतीवर त्या संघाचा फोटो होता, पण त्यावर कॅलेंडर टांगलेलं असायचं, दर वर्षी नवं.

"तुला काय काय आठवतं?… हो, निळ्या टोपीवाला तो गोरा, कुंपणाशी बसलेला, तिकडच्या क्लबांसाठी पोरं हेरून वहीत नावं लिहिणारा. बरोबर… पलीकडच्या कारखान्याची पोरं एका धावेनं पुढं. शेवटची इनिंग. तू तिसऱ्या बेसवर. आता मला काय आठवतं ते ऐक. तुला हे ठाऊक नाही. त्याच्या आधीच्या इनिंगमध्ये कुंपणाजवळून एक बाई ओरडली, 'आज काय बाबा, बापच अंपायर, पोराला आउट कोण देणार!' सगळे हसले. मीही हसलो. पण ते इथं बसलं, कानाच्या मागं, गोमाशीसारखं. वीस वर्षं मी या वस्तीत अंपायर होतो रे. मोजून एक काळी टोपी, तीही पुन्हा पुन्हा शिवलेली, आणि लोक माझ्या शब्दावर भांडणं मिटवायचे. दुसरं काय होतं माझ्यापाशी?"

"…"

"नाही, मध्ये बोलू नको, नाहीतर राहून जाईल. तू सुटलास. धूळ उडाली. तू घसरत आलास, पाय पुढं. आणि माझा हात… शपथेवर सांगतो, मी उचलला नाही. त्याचा तोच वर गेला. आधी हात गेला, मग मी पाहिलं तो कुठं गेला ते. अंगठा वर. आणि अंपायरनं एकदा वर केलेला हात… तो खाली घेता येत नाही, असं मी वीस वर्षं सगळ्यांना शिकवत आलो होतो."

"…"

"निळ्या टोपीवाल्यानं त्या दुसऱ्या पोराचं नाव लिहिलं. हो. तुला अजून दोन वर्षं उसात काढावी लागली. हो. मला सगळं ठाऊक आहे… तू धुळीत बसून माझ्याकडं पाहिलंस आणि एकच वाक्य बोललास. आठवतं?… नको, तू म्हणू नको. मला रोज ऐकू येतं ते. तू फोन करतोस, तेव्हा तुझ्याआधी तोच बोलतो."

तारेवरचा कावळा उडून गेला. दूर कारखान्याचा भोंगा झाला, सकाळच्या पाळीचा. तो वाजून संपेपर्यंत दोघंही थांबले. लहानपणी ओदालिस त्या भोंग्याला घाबरून रडायचा, आणि हा त्याला खांद्यावर घेऊन परसात फेऱ्या मारायचा.

"ऐकू आला भोंगा?… हो, तोच. अजून तोच… माझे आजोबा, इंग्रजांच्या तोर्तोला बेटावरून ऊस तोडायला आलेले, ते क्रिकेट खेळायचे, सांगितलंय ना तुला? ते म्हणायचे, आमच्या खेळात शंका असली की खेळणाऱ्याला सोडतात. मी एकोणीस वर्षं मनाला तेच सांगून पाहिलं. म्हटलं, शंका होती, धूळ होती, चूक झाली. चुकीला माफी असते… पण नव्हती रे शंका. तुझे ते बूट आठव. फेयोचे जुने, डावा फाटलेला. तुझा अंगठा बाहेर आला होता, लाल मातीनं माखलेला. मी या दोन डोळ्यांनी पाहिलं, तो अंगठा घराच्या पांढऱ्या कोपऱ्याला लागला. तिथं लाल डाग पडला, शेंगदाण्याएवढा. आणि मग, त्यानंतर, ग्लोव्ह आला."

"…"

"सामना संपल्यावर मी झाडू घेऊन घर साफ केलं, तो डागही. अंपायर करतोच की. कुणाला वेगळं वाटलं नाही."

नेरेइदाचा हात तोंडावर गेला होता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आणि हे तिलाही नवं होतं.

"ओदालिस?… आहेस ना?… रडतोयस का?… मी? छे, मला चिंचेची धूळ… हो. मीही. काल मी अंगठा वर केला ना, तो खरा होता, म्हणून केला. माझ्याकडं खरं एवढं एकच उरलं होतं तुला द्यायला. आज दुसरं देतो. उशीर झालाय. निकाल बदलत नाही, निळी टोपी परत येत नाही. तरी… थांब हां. असं नाही जमणार. ठेवू नको, थांब."

त्यानं वळून पाहिलं.

"नेरेइदा, इकडं ये. हा फोन धर… अगं, धर म्हणतो ना! माझ्या तोंडाशी धर. असा. जरा वर… हलू नको… काय करायचंय म्हणजे? आउटला एक हात पुरतो, याला दोन लागतात."

म्हातारा चिंचेखाली दोन पावलं सरकला. गुडघे कुरकुरले, तरी वाकला, जसा मैदानात घरामागं वाकायचा तसा. कोंबड्या बाजूला झाल्या. त्यानं दोन्ही हात छातीशी आणले, आणि पाळण्यातल्या पोराला शांत करताना नेरेइदा जो शब्द म्हणायची, जो त्या बेटावर अंपायर धावून सुखरूप पोचलेल्यासाठी म्हणतात, तो शब्द ओठांवर घेतला. मग हात पसरले, पंखासारखे, तळवे जमिनीकडं, दोन्ही बाजूंना जितके जातील तितके.

"किएतो!… ऐकलंस? किएतो, पोरा! पोचला होतास तू. तू घरी पोचला होतास!"