बंबासाठी अर्धा इंच

...अन् वरून हे म्हातारे मलेच म्हणते, "तू कॉलेज पूर्ण कर पहिले, मंग आमाले टाकी शिकवजो!" आता तुमीच सांगा, आगीले काय मार्कशीट दाखवा लागते? तुमाले सांगतो, आमच्या गावात म्हाताऱ्याइएवढं जिद्दी काहीच नाई! वर्धा जिल्ह्यात, आंजीच्या पुढं गाव आमचं. पाण्याची टाकी बांधली तवा इंजिनीअरनं खाली जाडजूड तोंड काढून देल्लं, लाल रंग मारला, अन् साऱ्याइले जमवून सांगितलं, "हे बंबासाठी आहे. आग लागली तर बंब इथूनच भरेल. याला हात लावायचा नाही." साऱ्याइनं माना हालवल्या. त्याची जीप गावाबाहेर गेली नसन, का आमचे पाणी समितीचे अध्यक्ष मधुकरराव त्या तोंडाकडे पाहून छातीवर हात ठेवते... "एवढं मोठं? पाणी वाया जाईन ना बाप्पा!"

झालं! प्लंबर बलावला. जाड तोंडावर बारीक पाइप, त्यावर अजून बारीक, अन् शेवटी अर्ध्या इंचाचा नळ. कोणी काढू नये म्हणून वेल्डिंग! अन् वेल्डिंगवर नारळ!! मी म्हटलं, "काका, बंब कसा भरन?" तं म्हणते, "बंब कवा आला रे आपल्या गावात? उगाच पाणी वाया जाते!" म्हणजे आजवर झालं नाई ते पुढं होतच नाई... याले अनुभव म्हणते हे!

मंग झालं ना. उन्हाची दुपार. आमच्या शेजारची अनुसयाबाई, एकटीच राह्यते, मी तिले मोठीमाय म्हणतो... तिच्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरला होता, वरून वायरची ठिणगी पडली. कापूस भडकते कमी, आतल्या आत धुमसते जास्त. बादली मारली तं वरचं विझते, खालचं जळतच राह्यते. धोका नको म्हणून लाइनमननं गावाची लाईट कापली, म्हणजे विहिरीवरच्या मोटरी बंद! कापूस ओढता ओढता हात भाजलेली मोठीमाय अंगणात पदर तोंडात धरून उभी, अन् आमी हापशीवरून बादल्या घेऊन धावून राह्यलो...

वर्ध्याहून बंब आला. काय धार होती! अर्धी आग दबली, अन् बंबातलं पाणी खतम. बंबावरचा जवान, विवेक नाव त्याचं, ओरडला, "टाकी कुठे आहे?" सारं गाव हात करून दाखवते, अभिमानानं! तो मनगटाएवढा पाइप घेऊन पळत गेला... अन् तसाच उभा राह्यला. "हे काय आहे?"

"नळ आहे साहेब," मधुकरराव म्हणते.

विवेकनं पाइप पाहिला, नळ पाहिला, मधुकररावले पाहिलं... तेवढ्यात आमचे कवडूकाका नरसाळं घेऊन धावत आले! नरसाळं!! घासलेट ओताचं! बंबाच्या पाइपात नरसाळं खुपसून उभे, अन् मधुकरराव बाजूनं काय म्हणते? "सरळ धर कवडू, पाणी वाया जाते!"

कोणाले हसू आलं असन तं हसून घ्या. मले नाई आलं. बंब दूरच्या वावरातल्या, मोटर चालू असलेल्या विहिरीवर गेला, भरून वापस आला, तवर आढं खाली बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभा. मी उभा झालो. "कापा ते वेल्डिंग! आजच कापा!" कोणी तंबाखू मळून राह्यला, कोणी चप्पल पाहून राह्यला. मधुकरराव म्हणते, "आवाज खाली कर. पाणी वाया..." मी म्हटलं, "घर वाया गेलं ना काका!" मंग म्हटलं, मोठीमायलेच बोलवतो. तिचं गेलं, तिनं सांगितलं तं कोण नाई म्हणन? "मोठीमाय, तू सांग यायले!"

मोठीमाय उठली. भाजलेल्या हातानं पदर सारखा केला.

"नळ राहू द्या जी," म्हणते. "मी तिथंच पाणी भरतो. हापशी लय लांब पडते मले."

"अवं, पण घर कुठं राह्यलं तुहं?"

"म्हणूनच तं, बाबू. भिंतीच्या गाऱ्याले पाणी लागन ना."

सभा संपली. सारे चहा प्याले गेले. तवापासून रोज सकाळी त्या नळाखाली बादली लावतो, अन् तिच्या भिंतीचा गारा तुडवतो... दुसरी बादली भरेपर्यंत पहिलीचा गारा वाळून जाते.