खांदा कॉलनीतला देवमाणूस

तुम्ही मला चिक्कू म्हणता ना? मग हे ऐकाच. घरात बायकोच्या मागे फिरून दिवे बंद करणारा माणूस मी. खांदा कॉलनीत भाड्याने राहत होतो, तेव्हा विजेचं बिल ऑटो-पेला लावून टाकलं. बायको म्हणाली, "बिल आधी वाचावं, मग भरावं." मी म्हटलं, "कशाला डोक्याला ताप?"

वर्षापूर्वी खारघरला राहायला गेलो. तिथलं बिलही तसंच लावलं.

गेल्या महिन्यात एक लग्नपत्रिका जुन्या पत्त्यावर गेली, ती आणायला गेलो. तिथल्या नव्या भाडेकरू ताईंनी आत बोलावलं. भर दुपारी हॉलमध्ये हुडहुडी! आतल्या खोलीतलाही एसी चालू, आणि तिथे कुणीच नाही.

मला राहवेना. "ताई, बिल किती येतं हो?"

"येतं, पण भरायला जावं तर आधीच भरलेलं! आमचे घरमालक म्हणजे देवमाणूस."

"त्यांना विचारलंत कधी?"

"छे! विचारलं आणि भरायचं थांबवलं म्हणजे?"

जुनं ऑटो-पे बंद करायचं राहिलंय, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तो देवमाणूस मीच! पण सांगायची लाज वाटली. चहा प्यायलो, आणखी पत्रिका आल्या तर कळवा म्हणून नंबर दिला आणि जिना उतरता उतरता ऑटो-पे बंद केलं.

काल ताईंचा फोन आला.

"भाऊ, तुम्ही येऊन गेलात आणि मालकांनी बिल भरणंच सोडलं. खरं सांगा, काय कान भरलेत त्यांचे?"