पिवळी पूड

—म्हणजे हा परागच नाही? वनखात्याचे ना तुम्ही? पुसा बरं ते भिंग, पुन्हा बघा. आणि जरा हळू बोला, आत आहे तो, चहा टाकतोय. माझा भाऊ हो, धाकटा— सकाळी त्यानंच दिली ही डबी हातात, "ताई, पहाटे झाडून आणलेत, एकदम ताजे." आणि तुम्ही म्हणताय खडू! पिवळा खडू! असेल, का नसेल? मास्तर आहे तो, तीस वर्षं फळ्यापुढं काढली, त्याला खडूचा काय तोटा!

आईनं रुजवलेली झाडांची जोडी ही. मादी माझ्या दारात, नर त्याच्या दारात— मुद्दाम लांब लावली तिनं. मुलीच्या झाडाला शेंगा धरायच्या तर मुलानं दर बहराला उठून तिच्याकडे यावं, हा तिचा डाव. वर्षातनं आठच दिवस फुलतं, अंगावर पान एक नाही, नुसती पांढरी फुलं— आणि त्या आठ दिवसांत मी, या वयात, गुडघ्याला पट्टा आवळून शिडीवर, हातात रंगाचा ब्रश, एकेका फुलाला पूड लावतेय— आणि हा खाली शिडी धरून! "ताई, डावीकडची फांदी राहिली बघ." राहिली म्हणे! तीन वर्षं, तीन वर्षं एक शेंग धरली नाही. मी म्हणायची, माझा हात थरथरतो, पूड सांडते, झाड म्हातारं झालं, मी म्हातारी झाले— आणि हा शहाणा मान हलवायचा! केसानं गळा कापला हो माझा, सख्ख्या भावानं.

काय? त्याच्याकडचं झाड बघायला जायचंय? कशाला उगीच— लांब आहे, रस्ताही धड नाही, आणि— नाहीये ते. तोडलं. त्याच्या मुलाला खोली वाढवायची होती, फांद्या आड येत होत्या. मला कुठलं सांगतोय तो! भावजयीच्याच तोंडून निसटलं फोनवर, "वन्सं, स्वयंपाकघरात ऊन काय छान येतं आता!" मी म्हटलं, ऊन कुठनं गं, झाड आहे ना? तर म्हणे, थांबा हं, दूध उतू चाललंय. अजून उतू चाललंय ते दूध.

कधी? झाली तीन वर्षं. बहराच्या तोंडावरच... हो, मग ठाऊक होतंच मला. असं काय बघता? पहिल्याच डबीचं झाकण काढलं आणि खडूचा वास आला— त्याच्या सदऱ्याला येतो तोच. मघाशी स्वतःला दोष दिला म्हणता? तो त्याच्यादेखत द्यायचा असतो, म्हणजे त्याला लाज वाटेल. चढले तरी शिडीवर. काय करणार? विचारलं असतं तर डबी बंद, आणि डबी बंद म्हणजे याचं येणंही बंद. एरवी वर्षभर कोण फिरकतं इथं? वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल, "ताई, चुकलो" एवढं म्हणेल. मी काय खाणार होते का त्याला? खोटं बोलला त्याचं काही नाही हो— नाही, त्याचंच आहे. त्याचंच फार लागलंय.

तुमच्या यादीत या जातीचं तिसरं झाड नाही, आल्यापासनं चारदा सांगितलंत, समजलं मला. बी नाही मिळायचं. आता काय क— काय म्हणालात? तेव्हाच कळवलं असतं तर काय?... कलम? त्या तोडलेल्या फांद्यांचं, या माझ्याच झाडावर? एक फांदी पुरली असती?

फोन आला त्या दिवशी फांद्या अंगणातच पडल्या होत्या. हिरव्या होत्या अजून. कळ्यांसकट. भावजयच म्हणाली होती, कुणी उचलायला येत नाही म्हणून.

...काय रे? साखर? नेहमीसारखीच टाक.

तुम्ही निघा आता. नको, चहाला थांबू नका. ती डबी द्या इकडे— झाकण लावून द्या. आणि जा.