सोमवारची गोळी

ताडकळसच्या थांब्यावरची दुपार इतकी निश्चल होती, की मागच्या बाकावर परभणीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या दोघींचा शब्दन्‌शब्द माझ्यापर्यंत येत होता. एक तरुण होती, ऋतुजा. दुसरी तिच्याच गल्लीतली गौरामावशी.

"गर्भपिशवी काढायला निघालीस म्हणं?"

"काय करू मावशी. पाळी नसताना बी अंगावर लाल जायलंय. चार महिने झाले."

"लेकरू राहू नये म्हणून गोळ्या घेतीस ना तू?"

"रोज घेते. सोमवार सोडून."

"सोमवारी काय झालं?"

"उपास आस्तो. उपासाला गोळी कशी चालंल?"

"मग सोमवारची गोळी?"

"ह्ये घेतेत. पाकिटात एक बी उरू देऊ नको, असं नर्सबाईनं बजावलंय."

"नवरा गिळतो?"

"मुकाट्यानं. लय समजूतदार हायेत."

"डॉक्टरला सांगितलंस का हे?"

"आपले उपासतापास त्यांना कशाला?"

"पिशवी राहू दे, बाई. आधी सोमवार सोड."

"कसा सोडू? माझे सोळा झाले, पण आता ह्यांच्यासाठी आणखी सोळा बोललेय."

"त्याला काय झालंय?"

"सोमवार आला की मळमळतंय त्यांना."

परभणीची गाडी आली, थोडा वेळ धापा टाकत थांबली आणि निघून गेली. मागच्या बाकावरून कुणी उठलं नाही. मीही नाही.

"असं कर पोरी. उपास धर, पण सोमवारची गोळी तू घे."

"अन् ह्यांचं?"

"देव पहिल्याच सोमवारी पावंल."