मिळवणीला दुसरा माणूस

सन्माननीय अध्यक्ष माणिकरावजी, आपल्या जिनिंगचे मालक व्यंकटरावजी, व्यासपीठावरील थोर मंडळी, आणि समोर बसलेले हमाल, इंजिनवाले, काट्यावरचे माझे सगळे सोबती,

हार घातलात, शाल पांघरलीत, नारळ दिलात. चोवीस वर्षं ज्या माणसाची तुम्ही पाठच पाहिली, त्याचं तोंड बघायला आज एवढे जण जमलात, याचा संकोच वाटतो. मुनिमाची खोली कोपऱ्यात, आणि त्याचं तोंड भिंतीकडे. आत येणारा काहीतरी मागायलाच येतो. मीही काही गोडबोल्या नव्हतो. माझ्या तिरसटपणाच्या गोष्टी हिंगोलीच्या बाजारात चवीने सांगतात, हे मला ठाऊक आहे.

अध्यक्षमहाराज आत्ता म्हणाले, मुनीमजींनी एकट्याने एवढा हिशेब सांभाळला. त्यांची क्षमा मागून सांगतो, ते खरं नाही. आमच्या कामात मिळवणीला दोघं लागतात. एकाने रोजमेळातला आकडा वाचायचा, दुसऱ्याने खातेवहीत पाहून ‘व्हय’ म्हणायचं. मला दुसरा माणूस कधी मिळाला नाही. मग शुक्रवारच्या सुट्टीत मी वह्या घरी नेत असे, आणि माझी बायको गोजरबाई समोर बसत असे. तिला अक्षर येत नव्हतं. ज्वारी निवडत ती ऐकायची आणि प्रत्येक आकड्याला ‘व्हय’ म्हणायची. मध्येच म्हणायची, "थांबा. तुमचा आवाज हालला. फिरून वाचा." आणि नेमकी तिथेच चूक सापडायची! आता सांगा, हिशेब एकट्याचा कसा?

सहा वर्षांपूर्वी ती गेली. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो, कारण कापसाचा हंगाम होता. "आलात ते बरं झालं, कागद तुंबून राहिलेत," एवढंच मला ऐकायला मिळालं. शुक्रवारी घरी मी तसाच मोठ्याने वाचत राहिलो. आकडा वाचायचा, क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं.

पुढच्या दिवाळीला वहीपेक्षा तिजोरीत शंभर रुपये कमी भरले.

व्यंकटरावजी, आपल्यासमोर बोलतो आहे, राग मानू नये. आपण मला चोर म्हणाला नाहीत. फक्त किल्ल्या मागून घेतल्यात. तीन दिवस मी त्या खोलीत बसून होतो. दारावरून माणसं जात होती, पण आत कुणी डोकावलं नाही. मी जेवलो का, हे कुणी विचारलं नाही. एकच बेरीज चार वेळा वेगळी यायची. जिनिंगच्या मागच्या विहिरीचा विचारही मनात येऊन गेला. हे मी आज पहिल्यांदा बोलतो आहे.

तिसऱ्या दुपारी काट्यावरचे भीमसिंग भाकरी घेऊन आत आले. ते बघा, मागे दाराशी उभे आहेत. म्हणाले, "काहून असे बसून राहिले, मुनीमजी?"

मी म्हटलं, मिळवणी जमत नाही.

"मंग वाचा. मी बसतो."

"तुला यातलं काय कळणार?" मी खेकसलोच.

"बाईला तरी कुठं कळत व्हतं?"

मी वाचू लागलो. ते ‘व्हय, व्हय’ करून राहिले. इंजिनाच्या पट्ट्यासाठी वाशीमला पाठवलेल्या सहाशे रुपयांचा आकडा आला आणि त्यांनी मला थांबवलं. मग म्हणाले, "ती थैली मीच नेलती. ते कलदार व्हते."

आपण सारे जाणते आहात. वाशीम इंग्रजांच्या मुलखात, तिथे कलदार चालतो. आपल्याकडे निजामाचा हाली. सहा कलदारांचे सात हाली. सहाशे कलदार दिले म्हणजे वहीत सातशे हाली लिहायला हवे होते. मी सहाशेच लिहिले. शंभराचा फरक तिथेच होता. नवशिका माणूसही अशी चूक करत नाही, आणि मी ती केली होती.

किल्ल्या परत आल्या. पेढेही आले. ते मी भीमसिंगांच्या लेकरांना दिले. माझ्या घशाखाली ते उतरले नसते. पण त्यांना ‘शुक्रवारी घरी येत जा’ असं म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. अभिमान आडवा आला. त्यानंतरची वर्षंही मी एकटाच वाचत राहिलो, आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबत राहिलो. फार एकटं वाटायचं, मंडळी.

उद्या माझ्या जागी नवे मुनीम येतील. त्यांच्या घरी ज्वारी निवडत ऐकणारं कुणी असेल, नसेल. म्हणून मालकांकडे एकच मागणं आहे. त्या खोलीत दुसरी गादी घाला आणि मिळवणीला माणूस द्या. आणि अधूनमधून कुणीतरी आत जाऊन बसा, काही न मागता.

आपण सर्वांनी या तिरसट माणसासाठी वेळ काढलात, आपले फार उपकार झाले. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. हे भाषण मी घरी वाचून पाहिलं होतं, पण समोर ऐकायला कुणी नव्हतं.

व्यंकटरावजी, घालाल ना दुसरी गादी? तिथूनच ‘व्हय’ म्हणा. तेवढं ऐकतो आणि खाली बसतो.