फाट्यावर उभं राह्यनारं मंडळ

माहं गाव वाशीम जिल्ह्यात, इंझोरीच्या पल्याड, फाट्यापासून दोन किलोमीटर आत, अन् आठवीनंतरची शाळा दूर, मोठ्या गावाले, आता तुमी म्हनाल बस आहे ना, बस आहे, पन ती थांबत नोती, काय सांगू तुमाले. पोरींची पास फुकट, म्हनून फाट्यावर नुसत्या पोरी दिसल्या का ड्रायव्हर गाडी दामटून ने. मी नववीत तशीच उभी राहून राहून घरी बसली. मास्तर म्हने हजेरी कमी, बाबा म्हने चाल मंग वावरात निंदायले.

हे आमच्या युवक मंडळाच्या पोट्ट्याइनं पाह्यलं. जयंतीची मिरवणूक काढनारं मंडळ ते, बाकी त्याले काही काम नाई असं गाव म्हने. राहुलदादा अध्यक्ष. तो अर्ज घेऊन डेपोत गेला, साहेब म्हने मंडळ नोंदलेलं आहे काय, नोंदलं, मंग म्हने सरपंचाचं पत्र आना, नेलं, मंग म्हने तुमी कायले राजकारन करून राह्यले. तवा दादानं डोकं लावलं. मोठा मानूस पुढं, हात दाखवनार, तिकीट काढनार, पोरी मांगं. मोठं मानूस दिसलं का गाडी थांबे. पन त्यानंबी चढावं लागे, नाई तर ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी ओळखते, मंग पुढच्या फाट्यावर उतरून पायी वापस. पोट्ट्याइनं वार वाटून घेतले. माही शाळा तर गेलीच होती, तरी मी गुरुवार मागितला. दादा म्हने प्रज्ञा, तू तर अजून पोरगीच दिसतं, साडी नेसून ये. मायची नेसली. गाडी थांबली. माही लहान बहीन पल्लवी मांगून चढली अन् मले ओळख दाखवली नाई, तसंच ठरलं होतं.

तालुक्याच्या साहेबाच्या हातानं मंडळाचा सत्कारबी झाला, नारळ, शाल, युवक हेच गावाचं बळ, असं लांब भाषन. दादा म्हने साहेब, तेवढी गाडी थांबवायचं पाहा ना. साहेब म्हने पाहू. मले राग याचाच येते, जे एका सहीनं व्हावं त्यापायी पोट्टे रोज पायी वापस येऊन राह्यले, अन् टाळ्या त्याहीच्यासाठीच वाजवता.

मंग पोट्टे एकेक करून पुन्याकडं आले. मीबी आली, इथं कंपनीत पॅकिंगले. दादाच्याच ओळखीनं लागली, खोलीबी त्यानंच गावाहून फोनवर पाहून देली, त्याचे उपकार मी कशी इसरू. पन माहा गुरुवार घ्यायले मांगं दादाशिवाय कोनी नोतं. गेल्या महिन्यात त्याचा फोन, प्रज्ञा, मलेबी काम लागलं, सोमवारी पुन्याले येतो. मी म्हनलं चांगलं झालं दादा. दुसरं काय म्हनू, अन् कोनत्या तोंडानं. पल्लवी दहावीत आहे.

आता माय उभी राह्यते, रोज. भेंडी तोडाले उशिरा पोचते, मळेवाल्याचं ऐकून घेते. परवा कंडक्टर म्हने मावशी, रोज हेच एका टप्प्याचं तिकीट, जाता तरी कुठं. माय म्हने शाळेत. सारी गाडी हासली म्हने, फोनवर सांगता सांगता पल्लवीबी हासली, मीबी. पन मायचे गुडघे लय दुखतात. दहावीचा शेवटचा पेपर होईस्तोर ते टिकू द्या, एवढंच माहं मागनं. बाकी पोरींचं पुढं कोन पाहीन, ते मले नाई मालूम.