उन्हात घातलेले पत्ते

माझं माहेर मिरजोळ्याचं, आता कारखाने आहेत ना, त्यांच्या पलीकडे आमची वाडी. वडील दुसऱ्यांच्या कलमांची राखण करायचे नि आम्ही सहा भावंडं गणपतीत पत्ते कुटायचो, मेंढीकोट. परकरात होते तेव्हापासून इतकं चांगलं खेळायची मी की काकामंडळी माझ्यासमोर बसायला कुरकुरायची, म्हणायची ही पोर समोरच्याच्या हातातलं वाचते. वाचत बिचत काही नव्हते गो, पडलेलं पान विसरत नव्हते एवढंच. पण शेफारले. ते शेफारणं चाळिशी उलटली तरी उतरलं नाही, नि जेव्हा उतरलं तेव्हा असं उतरलं, की काय सांगू तुला, बाय.

लग्न होऊन मांडवीत आले. आमचे हे कुवेतला, एका मोठ्या खाणावळीत भांडारावर. रजा मिळायची ती गणपतीला धरून. आले की पहिल्या रात्री गप्पा नाहीत, काही नाहीत, पडवीत घोंगडी पसरायची नि मेंढीकोट. हे माझे भिडू. समोरासमोर बसायचो. यांनी भुवई जरा हलवली की मला कळायचं हुकूम कुठे आहे. वर्षभराचा संसार आमचा त्या पाच-सात दिवसांत त्या घोंगडीवर व्हायचा, असं म्हटलंस तरी चालेल.

मग कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती त्या सालात धाकटा दीर विनायक बोटीवरून आला, तो सिंगापुराहून एक खोका घेऊन. त्यात हे पत्ते. नाव इंग्रजी, मला अजून धड घेता येत नाही, आम्ही राक्षसपत्ते म्हणायचो. हा खेळ आपल्यासारखा नाही. इथे ज्याने त्याने आपला साठ पत्त्यांचा गठ्ठा घरून बांधून आणायचा. पत्ते मिळतात बंद पुड्यांत, आत काय निघेल ते नशीब, नको असेल ते दुसऱ्याला देऊन हवं ते घ्यायचं. पुढच्या बाजूला राक्षस, जादू, तलवारी, नि पाठ मात्र सगळ्यांची अगदी एकसारखी. का, तर वरचा पत्ता कोणता ते कुणालाच कळता कामा नये. विनायकला खेळायला कोणी नव्हतं म्हणून त्याने मला शिकवलं, नि आठवड्याभरात खोका मिटून म्हणाला, वैनी, तुमच्याशी खेळण्यात मजा नाही, तुम्ही मुंबईच्या पोरांना छळा.

तर ती चाळिशीची भवानी निघाली मुंबईला. सासूबाईंना सांगितलं नणंदेला बरं नाही. नणंद परळला टुणटुणीत. दादरला एका दुकानाच्या माळ्यावर रविवारी ही मंडळी जमायची, सगळी कॉलेजची पोरं, नि त्यात मी, पाचवारी नेसून, पिशवीत कुळथाच्या पिठाची पुडी नि राक्षस. पहिल्यांदा हसले. कोणी म्हणालं काकू, मुलाला न्यायला आलात का? म्हटलं नाही रे सोन्या, तुला रडवायला आले. नि रडवलं. पत्त्यांवरचं इंग्रजी मला नीट वाचता येत नव्हतं, मी चित्रांवरून नावं ठेवली होती, खवीस, मुंजा, मुशी. चार पत्ते एकाच जातीचे होते, काळा, उंच, हातात मशाल असलेला, त्याला मी म्हणायची वेताळ. माझा सगळा खेळ त्या चार वेताळांवर. ते निघाले की समोरचा पोरगा कपाळावरचा घाम पुसायला लागायचा.

हसू नकोस, पण मी त्याच्यावर पोट भरलंय. यांची कुवेतची नोकरी सुटली, हे घरी येऊन बसले, पडवीत बसून समुद्र बघायचे, नि घर चालवलं राक्षसांनी. बक्षिसात खोके मिळायचे ते विकायचे, पोरांना शिकवायचं, पत्त्यांची अदलाबदल करून द्यायची. पुण्याहून, गोव्याहून पोरं मांडवीत यायची, मासे जेवायची नि हरून जायची. शेजारणी विचारायच्या, शालू, तू करतेस काय गो नेमकं? मी मान वर करून म्हणायची, मी खेळाडू आहे. किती वर मान, तर पोलक्याला कॉलर असती तर ताठ केली असती. नि मनात एकच होतं, एकदा परदेशात जाऊन खेळायचं. कुवेत यांनी बघितलं, सिंगापूर विनायकने बघितलं, मी मांडवीची जेटी बघितली. मुंबईला मोठी स्पर्धा व्हायची, तिथे पहिला येईल त्याला मलेशियाला पाठवणार होते. पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता त्या शहाणीने.

आता ऐक तिचा शहाणपणा. आमच्याकडे समुद्राची हवा, एक पावसाळा गेला की चामड्याच्या चपलेला दाढी येते, तिथे कागदाची काय कथा. आदल्या पावसात एका वेताळाच्या कोपऱ्याला बुरशीचा ठिपका आला होता. माझा जीव खाली-वर. मग वैशाखात खळ्यात आमसुलं वाळत होती, आंब्याची साठं वाळत होती, मिरच्या होत्या. पावसाआधी घरातलं सगळं उन्हं खाऊन येतं आमच्याकडे, गोधड्यासुद्धा. मी काय केलं असेल? प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं पाकीट असतं, त्यातून चारही वेताळ काढले, सुपात मांडले, वर जुन्या लुगड्याचा पातळ पदर घातला नि ठेवले उन्हात. दुपारी जाऊन परतून आले. आमसुलं परततात तसे! बाकीचे छप्पन्न पत्ते डब्यातच, त्यांचं एवढं कौतुक नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, शालू, मीठ लाव हो, टिकतील. म्हातारी चेष्टा करत होती नि मी मनात म्हणत होते, हिला काय कळतंय यातलं.

जरा वळले होते, ते पाट्याखाली दाबून ठेवले. झाले सरळ. पाकिटांत घातले, गठ्ठ्यात लावले, निघाले.

स्पर्धा मोठ्या हॉटेलात, आत थंड हवेचं यंत्र, हुडहुडी भरेल असं. सकाळचे सगळे डाव जिंकले. शेवटच्या डावाला समोर बंगळूरचा एक पोरगा, सालस, मॅडम मॅडम करणारा. आपण पिसलेला गठ्ठा समोरच्याने काटायचा, ही त्यांची रीत. त्याने काटला. थांबला. परत काटला. मग माझ्याकडे बघितलंच नाही त्याने, हात वर करून पंचाला बोलावलं. त्या कोरड्या गारव्यात दिवसभर राहून माझे वेताळ परत वळले होते गो, बारीकसे, नि गठ्ठ्यात जिथे वेताळ तिथे फट. पंचाने साठही पत्ते पालथे पसरले, बोट फिरवलं, नि एकेक करून चार बाजूला काढले. उलटे केले. वेताळ, वेताळ, वेताळ, वेताळ.

मॅडम, हे काय आहे? मी म्हटलं, उन्हात घातले होते. तो म्हणाला, उन्हात? मी सांगायला लागले, पावसाळा, बुरशी, आमसुलं, आधी मराठीत, मग माझ्या त्या हिंदीत. पोरं भोवती जमली नि मागून कोणीतरी फिसकन हसलं. जेवढं सांगत गेले तेवढं ते खोटं वाटायला लागलं, मलासुद्धा. पंच माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ विचारलं, साठ पत्त्यांतले हे चारच का घातलेत उन्हात? म्हटलं, लाडके होते म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला नि मला स्पर्धेतून काढलं. नुसतं त्या स्पर्धेतून नाही, कायमचं. बंगळूरचा पोरगा मलेशियाला गेला.

मी गाडीने रत्नागिरीला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. विनायक तेव्हा मुंबईत होता, त्याने शेजारी फोन केला होता. हे पडवीत बसलेले. पाणी घेतेस का, दमलीस का, काही नाही. म्हणाले, लबाडी केलीस?

आता खरं सांगायला काय झालं होतं त्या बयेला? पण शेजारची कमळी कुंपणाशी कान लावून उभी. मला वाटलं, उन्हाचं सांगितलं तर उद्या सगळी मांडवी म्हणेल, विलायती पत्ते आमसुलासारखे वाळवले ही बघा खेळाडू, नि मरेपर्यंत हसतील. त्यापेक्षा लबाड बरी, लबाडाला निदान लोक वचकून असतात. म्हटलं, होय, केली, मग? नि पदर खोचून आत गेले.

वचकले हो सगळे. त्या गणपतीत घोंगडी पसरली नि हे विनायकच्या समोर जाऊन बसले. मी आपली नेहमीच्या जागी बसायला वाकलेली, तशीच उभी राहिले. कमळी म्हणाली, शालूवैनी, आधी पदर झटका, काही पडतंय का बघूया. सगळे हसले. हेसुद्धा हसले. मी म्हटलं, मला चहा टाकायचाय. त्यानंतर यांनी मला कधी भिडू घेतलं नाही. भांडले असते तर मी खरं काय ते बोलले असते, पण ते भांडलेच नाहीत. नुसती भुवई हलवायची बंद झाली. मी वर्षामागून वर्ष म्हणत राहिले, यंदा सांगेन, नि एका फाल्गुनात ते गेलेच. माझी बायको लबाड होती असं धरून गेला तो माणूस. नि माझ्या तोंडचं धरून गेला, दोष कुणाला देऊ?

नातू आहे माझा, दहावीला. तो ते पत्ते आता मोबाइलवर खेळतो, तिथे बुरशी नाही नि ऊन नाही. मित्रांना सांगतो, माझ्या आजीने मुंबईत सगळ्यांना गंडवलं होतं. केवढा अभिमान! परवा मी त्याला बसवून सगळं खरं सांगितलं, सुपासकट. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, म्हणजे आजी, तू नुसती बावळट होतीस? म्हटलं होय रे राजा, नुसती बावळट. नि आता परत मित्रांना तेच सांगतो, गंडवलं म्हणून.

तू लिहितेस ते लिही, बाय, तुझं भलं होऊ दे. पोराबाळांनी खेळावं, परदेशात जावं, मला कोणाचा राग नाही. पण हे छापून आलं ना, तरी मांडवीत कोणी खरं धरायचं नाही. म्हणतील, बघा, म्हातारी अजून पत्ता लपवतेय. म्हणू देत. चहा घेतेस ना अजून?